शंभर घरांच्या गावात मोबाइल किती वर्षांत पोचतो?

“नाना, होळीला किती फोन भरू, तेवढं सांगा.”

हा प्रश्न मला विचारला तो धडगावच्या बाजारपेठेत मोबाइलचे दुकान चालवणाऱ्या एका तरुणाने. दुकान कसले, पत्र्याची टपरीच. पुढे काचेचे कपाट, मागे टांगलेली कव्हरे आणि वायरी, आणि एका फळीवर चार्जिंगला लावलेले लोकांचे पंधरा-वीस फोन. मी बाकावर बसून चहा घेत होतो. आधी वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. पण तो गंभीर होता.

त्याची अडचण अशी. सातपुड्यात होळीसारखा दुसरा सण नाही. होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, गुजरातेत मजुरीला गेलेली माणसे घरी परततात, हातात चार पैसे असतात. वर्षाची निम्मी विक्री त्या पंधरा दिवसांत होते. माल मात्र आधी भरावा लागतो, तोही नंदुरबारच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर. कमी भरला तर गिऱ्हाईक शहाद्याला जाते. जास्त भरला तर पावसाळ्यापर्यंत नवे मॉडेल येते आणि जुन्याकडे कुणी बघत नाही. मागच्या होळीचे सतरा फोन त्याच्या गळ्यात पडले होते. “मक्याचा भाव पडला तर मका निदान घरात खाता येतो,” तो म्हणाला, “फोनचं काय करू?”

आता वाचकहो, हा प्रश्न काही एका टपरीचा नाही. लोक नवी वस्तू किती लवकर घेतील, हे आधी ओळखण्यासाठी मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारेही डोके खाजवीत आली आहेत. आणि त्यांचे अंदाज कसे चुकले, ते ऐकले तर आपल्या पोराला थोडा धीर येईल.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने मॅकिन्सी या सल्लागारांना विचारले होते, की २००० सालापर्यंत देशात किती लोक मोबाइल वापरतील? उत्तर आले, सुमारे नऊ लाख. प्रत्यक्षात ते साल उजाडले तेव्हा आकडा दहा कोटींच्या पुढे गेलेला होता.

आपल्याकडेही तेच झाले. भारतात मोबाइलवरचे पहिले बोलणे झाले ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर पडे आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात. पुढे १९९९ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारने उद्दिष्ट ठेवले, की शंभर माणसांमागे २००५ पर्यंत ७ आणि २०१० पर्यंत १५ फोन व्हावेत. खेड्यांत तेव्हा शंभरी अर्धासुद्धा फोन नव्हता. तेथे २०१० पर्यंत ४ झाले तरी पुष्कळ, असा हिशेब होता. २०१० च्या मार्चमध्ये देशाचा आकडा ५२ च्या वर होता आणि खेड्यांचा २४ च्या आसपास.

चूक कुठे झाली? हिशेब करणाऱ्यांनी समोर दिसणारी वस्तू आणि समोर दिसणारी किंमत धरली. ती वस्तू पुढे हातभर लांबीची राहणार नाही, २००३ मध्ये येणारे फोन फुकट होतील, त्याच साली पाचशे एक रुपयांत फोन हातात देणारी योजना निघेल, हे त्यांनी धरले नव्हते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओने काही महिने इंटरनेट फुकट दिले आणि मग बाकीच्या कंपन्यांना दर खाली आणावेच लागले. त्याआधी वर्षभर मांडलेले अंदाज त्या एका महिन्यात रद्दीत गेले असतील.

मक्याच्या शेतातून निघालेले शास्त्र

या विषयाचे शास्त्र मात्र कारखान्यात किंवा बाजारात जन्मले नाही. ते शेतात जन्मले. अमेरिकेच्या आयोवा प्रांतात १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बियाणे आले. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोघा अभ्यासकांनी तेथल्या दोन वस्त्यांतले २५९ शेतकरी गाठले आणि प्रत्येकाला विचारले, तुम्ही हे बियाणे कधी ऐकले, कधी पेरले आणि कुणाचे पाहून पेरले? त्यांचा निबंध १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३३ पर्यंत शंभरातल्या दहाच शेतकऱ्यांनी संकरित मका घेतला होता. पुढच्या तीनच वर्षांत चाळीस झाले. १९४१ पर्यंत २५९ पैकी दोघे सोडून सगळ्यांनी घेतला होता. बियाण्याची बातमी अनेकांना विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचे धाडस आले ते शेजाऱ्याचे शेत पाहून.

आपल्या जुन्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. सुरतेत डॉ. सी. टी. पटेल यांनी काढलेली संकर ४ कपाशी १९७० मध्ये आली, तेव्हा खान्देशात हेच घडले. पहिल्या वर्षी धाडस करणाऱ्याला लोकांनी हसायचे, दुसऱ्या वर्षी बांधावर उभे राहून बोंडे मोजायची, तिसऱ्या वर्षी बियाण्यासाठी रांग लावायची. संकरित ज्वारीचे तसे झाले नाही. दाणा भरपूर आला, पण ताट बुटके, कडबा कमी, आणि भाकरीला ती चव नाही. गुरे काय खातील, हा प्रश्न बियाणे काढणाऱ्यांच्या कागदावर नव्हता. शेतकऱ्याच्या मनात तो पहिला होता.

पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये या सगळ्यावर एक ग्रंथ लिहिला आणि घेणाऱ्यांच्या पाच पंगती पाडल्या. शंभरातले अडीच आरंभशूर, पुढचे साडेतेरा जाणते, मग चौतीस, पुन्हा चौतीस, आणि शेवटचे सोळा मागासलेले. मौज अशी की रॉजर्स स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांना नवनवी यंत्रे आवडत, पण संकरित मका त्यांनी आठ वर्षे शेतात येऊ दिला नाही. १९३६ मध्ये दुष्काळ पडला, शेजाऱ्याचा संकरित मका उभा राहिला आणि यांचा आडवा झाला, तेव्हा ते वळले. म्हणजे रॉजर्सच्या पंगतीत त्याचा बापच मागच्या पाटावर बसला होता. मला तरी ‘मागासलेले’ हा शब्द तेव्हापासून फार जपून वापरावासा वाटतो.

एक सोपा हिशेब

१९६९ मध्ये फ्रँक बास या प्राध्यापकाने हे सारे एका सूत्रात बसवले. त्याने टीव्ही, फ्रिज, अगदी विजेवर तापणारी पांघरुणेसुद्धा धरून अकरा वस्तूंची विक्री तपासली. त्याचे म्हणणे साधे आहे. वस्तू घेणारे दोन कारणांनी घेतात. काही आपणहून घेतात, जाहिरात पाहून किंवा हौसेने. बाकीचे इतरांकडे पाहून घेतात. पहिल्या कारणाचा जोर कायम सारखाच राहतो. दुसऱ्याचा मात्र गावात वस्तू पसरेल तसा वाढत जातो.

पुढे अनेक वस्तूंचे अभ्यास झाले. त्यांची सरासरी अशी निघते, की न घेतलेल्या शंभर घरांपैकी दरवर्षी ३ घरे आपणहून घेतात. पाहून घेणाऱ्यांचा आकडा गावाच्या प्रमाणात बदलतो. निम्म्या गावात वस्तू आली असेल तर उरलेल्यांपैकी शंभरी १९ घरे पाहून घेतात. जवळजवळ साऱ्या गावात आली असेल तर ३८.

शंभर घरांचे गाव धरून मी वहीवर हा हिशेब मांडला. पहिल्या वर्षाअखेर ३ घरांत वस्तू आली. मग दरवर्षी ७, १२, १९, २७. सहाव्या वर्षी ३७, सातव्या वर्षी ४८, आठव्या वर्षी ५९, नवव्या वर्षी ६९ आणि दहाव्या वर्षी ७८. आधी बैलगाडीच्या चालीने, मधे एस. टी.च्या वेगाने, शेवटी घाटात आल्यासारखे पुन्हा हळू.

आता खऱ्या आकड्यांशी ताडून पाहू. ‘असर’ नावाची पाहणी देशभरच्या खेड्यांतल्या मुलांविषयी होते. २०१८ मध्ये शाळकरी मुलांच्या शंभर घरांपैकी ३६ घरांत स्मार्टफोन होता. २०२० मध्ये ६२ घरांत, २०२१ मध्ये ६८ आणि २०२२ मध्ये ७५. माझ्या वहीतले सहावे, आठवे, नववे आणि दहावे वर्ष शेजारी ठेवले तर आकडे हातात हात घालून चालल्यासारखे दिसतात. मला स्वतःला तो जुळता हिशेब पाहून आनंद झाला, हे कबूल करतो. पण त्यात एक लबाडी आहे. २०१८ ला सहावे वर्ष धरायचे हे मी आकडे पाहून ठरवले. २०१३ मध्ये बसून हाच हिशेब मांडला असता, तर हे पहिले वर्ष की तिसरे, हेच कळले नसते. शिवाय २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या आणि पोरांच्या अभ्यासासाठी कुणी शेळी विकून, कुणी उसनवार करून फोन घेतला. ते कोणत्याही सूत्रात नव्हते.

डोंगरात सूत्र अडखळते

हा कागद मी धडगावच्या दुकानात नेला. पोराने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, “नाना, यात शेजारी कुठं राहतो ते धरलंय का?”

प्रश्न बिनतोड होता. शहादा-तळोद्याकडच्या सपाटीवर घराला घर लागून आहे. पारावर एकाने फोनवर पपईचा भाव पाहिला की दहा जणांना दिसतो. वर अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत तसे गावच नाही. पाडे आहेत, आणि पाड्यातही प्रत्येकाचे घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर. शेजारी म्हणजे मधला नाला उतरून पलीकडे चढायचे. टॉवर एका धारेवर उभा राहतो आणि दुसऱ्या उतारावरच्या घरांना त्याचा काहीच उपयोग होत नाही.

दुसरे असे, की सूत्राने शेजाऱ्याचा फोन चालतो असे गृहीत धरले आहे. ज्या पाड्यावर एकाने आठ हजारांचा फोन आणला, रेंजसाठी तो रोज टेकडी चढतो, आणि वीज गेली की दोन दिवस फोन बंद पडून राहतो, तेथे शेजारीही पाहूनच शिकतात. ते शिकतात की घेऊ नये. आयोवात शेजाऱ्याचा मका उभा राहिला म्हणून लोक वळले. तो आडवा झाला असता तर?

याचे उत्तर एका अभ्यासात आहे आणि आपल्या दृष्टीने तो सगळ्यांत मोलाचा. झ्वी ग्रिलिकेस या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पुन्हा त्याच संकरित मक्याचा हिशेब केला. आयोवात शंभरी दहा ते शंभरी नव्वद हा पल्ला चार वर्षांत गाठला गेला. दक्षिणेतल्या अलाबामात मात्र मका उशिरा पोचला आणि हळूहळू पसरला. लोक म्हणत, दक्षिणेचा शेतकरी अडाणी. ग्रिलिकेसने दाखवले, की अलाबामाच्या मातीला आणि हवेला जुळणारे वाणच तेव्हा तयार झाले नव्हते. बियाणे कंपन्यांनी आधी जिथे नफा जास्त तिथले वाण काढले. दक्षिणेचा नंबर मागून लागला, आणि तेथे उत्पन्नातला फायदाही कमी होता. शेतकरी आपला नफा-तोटा पाहूनच थांबला होता.

सातपुड्याचे याहून वेगळे नाही. येथे स्मार्टफोन हळू पोचला असेल, तर आधी येथे जुळणारे ‘वाण’ आले होते का, ते विचारावे लागते. टॉवर, वीज, आणि भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्याला अक्षर न टिपता वापरता येईल अशी सोय. ही शेवटची सोय आपोआप झाली. बोलून निरोप पाठवता येऊ लागला आणि चित्रफिती दिसू लागल्या, तेव्हा सही न येणाऱ्या बायकाही फोन सराईतपणे वापरू लागल्या. टॉवरचे काम मात्र रेंगाळले. जाळे न पोचलेल्या देशातल्या २४,६८० गावांत ४जी नेण्याची योजना केंद्र सरकारने मंजूर केली ती २०२२ च्या जुलैत. तोवर शहरांत ५जीची तयारी सुरू होती.

घरात फोन, पण कुणाचा?

आणखी एक गोष्ट सूत्रात नाही. ते घरे मोजते. घरात फोन एकच असतो आणि तो सकाळी घरधन्याच्या खिशातून बाहेर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारले होते, की स्वतः वापरता असा फोन तुमच्याकडे आहे का? २०१९ ते २०२१ या काळात देशातल्या शंभरांपैकी ५४ बायकांनी होय म्हटले. खेड्यांत त्याहून कमी. पोरींचेही तेच. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांत स्वतःचा फोन असलेले शंभरी ३६ होते आणि मुलींत २७. कंपन्या सांगतात तो आकडा तर माणसांचा नसून सिमकार्डांचा असतो. एकाच्या फोनमध्ये दोन सिम असली की दोन मोजली जातात.

या सगळ्याने एरवी काय बिघडले असते? कुणी फोन आज घेईल, कुणी पाच वर्षांनी. पण आता सरकारी कामे फोनवर आली आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद आपल्या फोनवर, आपल्या शेतात उभे राहून करायची झाली. लाडक्या बहिणींचे महिना दीड हजार रुपये २०२४ मध्ये सुरू झाले आणि २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली. म्हणजे फोनवर ओटीपी यायला हवा. त्या वेळी आपल्याच जिल्ह्यात रेंजसाठी बायका डोंगर चढल्याच्या बातम्या छापून आल्या. मुदत पुढे वाढवावी लागली.

हा तोच नंदुरबार जिल्हा. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात वाटले गेले, पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी तेथे आले होते. क्रमांक सगळ्यांआधी मिळाला. त्या क्रमांकाचा ओटीपी ज्यावर यायचा, ते जाळे डोंगरात मागून येते आहे. कचेरीत बसून नियम करणाऱ्याच्या कागदावर शंभरातली शंभर घरे भरलेली असतात. माझ्या वहीतही दहाव्या वर्षी बावीस घरे रिकामी होती.

पोराची वही

माझ्या हिशेबाने दुकानदाराचे काम भागले नाही, हे उघडच होते. मग त्याने स्वतःची वही काढली. सूत्र त्याचेही होते, फक्त त्याला नाव नव्हते. फळीवर चार्जिंगला फोन ठेवायला जी माणसे येतात, ती आठवड्याने येतात की रोज, हे तो पाहतो. दुसऱ्याच्या फोनवर रिचार्ज मारायला आलेला माणूस तीनदा आला, की त्याच्या घरी पुढच्या सणाला फोन येतो. मजुरीला गेलेल्या नवऱ्याशी बोलायला जाऊबाईचा फोन मागून आणणारी बाई ही तर त्याची पक्की खूण. मग तो धारा मोजतो. कोणत्या धारेवर गेल्या पावसाळ्यात टॉवर सुरू झाला, तिच्या या अंगाला किती घरे, पलीकडच्या अंगाला किती. टॉवर उभा आहे पण निम्मा महिना बंद असतो, ते पाडे त्याने काट मारून वगळले होते.

असे करून त्याने बावीस फोन भरले.

होळीनंतर पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो. एकोणीस गेले होते. त्यातले सात बायकांनी स्वतः येऊन, स्वतःचे पैसे मोजून घेतले होते, आणि ते त्याच्या वहीत नव्हते. पण त्याला चुटपुट लागली होती ती वेगळीच. नऊ जणांनी येऊन बटणाचा साधा फोन मागितला. एकदा चार्ज केला की चार-पाच दिवस चालतो, पडला तरी फुटत नाही, आणि घरी वीज नाही त्याला दुसरे काय हवे? साधा फोन आता कोण घेतो म्हणून त्याने एकही ठेवला नव्हता. ते नऊ जण शहाद्याला गेले.

“आता दिवाळीचं बघतो,” तो म्हणाला. उरलेले तीन फोन त्याने काचेत पुढे मांडले होते. वरच्या धारेवर एक टॉवर गेले वर्षभर नुसता उभा आहे. तो दिवाळीआधी सुरू होतो की नाही, यावर त्याचे बारा फोन अवलंबून आहेत. नंदुरबारला कचेरीत ओळख असेल तर तेवढी तारीख विचारून कळवा, असे त्याने मला दोनदा बजावले.